'जाणे' आले कोठून? रोमान्स भाषांतील एका रोजच्या क्रियापदाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा प्रश्न नेमका कोणत्या क्रियापदाचा आहे?

लॅटिनपासून जन्मलेल्या भाषांना रोमान्स भाषा म्हणतात. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, कातालान, ऑक्सितान, रोमेनियन आणि त्यांच्या कितीतरी बोली या कुळात येतात. या भाषांमध्ये 'जाणे' किंवा 'चालणे' या अर्थाची जी क्रियापदे आहेत, त्यांपैकी काही एकमेकांची भावंडे वाटतात, पण त्यांचे आईवडील कोण हे ठामपणे सांगता येत नाही. फ्रेंचमध्ये 'आले' (जुन्या फ्रेंचमध्ये 'आलेर'), इटालियनमध्ये 'आन्दारे', स्पॅनिश व पोर्तुगीजमध्ये 'आन्दार', आणि कातालान व ऑक्सितानमध्ये 'आनार' अशी ही रूपे आहेत. मूल दिवसातून शंभर वेळा उच्चारते असा हा शब्द आहे, आणि तरीही गेली पावणेदोनशे वर्षे व्युत्पत्तीचे अभ्यासक त्याच्यावर वाद घालत आले आहेत. लॅटिन ही जगातील सर्वांत भरपूर लिखाण मागे ठेवून गेलेल्या प्राचीन भाषांपैकी एक असल्यामुळे तिच्या लेकींच्या घरातील इतक्या साध्या शब्दाची जन्मनोंद सापडू नये, याचे नवल वाटते.

लॅटिनमध्ये 'जाणे' या अर्थाचा शब्द नव्हता का?

होता, आणि चांगला जुना होता. लॅटिनमधील 'जाणे' म्हणजे 'ईरे'. परंतु त्याची रूपे फार तोकडी होती. 'मी जातो' म्हणजे 'एओ', 'तू जातोस' म्हणजे 'ईस', 'तो जातो' म्हणजे 'इत्', आणि 'जा' ही आज्ञा तर नुसती 'ई' या एका स्वराची होती. बोलताना शब्दांची टोके झिजतात, शेवटची व्यंजने गळतात, आणि अशा भाषेत एका स्वराचे क्रियापद वाऱ्यावर उडून जाते. ऐकणाऱ्याला कळावे म्हणून बोलणारा अंगापिंडाने भरलेला शब्द घेतो.

हे घडताना कागदावर दिसते. चौथ्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या लॅटिन बायबलात एका माणसाला 'जा' म्हणायचे असेल तर 'वादे' येते आणि अनेकांना 'जा' म्हणायचे असेल तर 'ईते' येते. 'ईते' दोन अक्षरांचे असल्यामुळे टिकले, तर एकाक्षरी 'ई'ची जागा 'वादेरे' या दुसऱ्या क्रियापदाने घेतली. 'वादेरे'चा मूळ अर्थ झपाझप पुढे जाणे असा होता. 'ईरे'ची उरलेली जागा भरायला जे तिसरे क्रियापद आले, ते हेच आपले अज्ञात कुळाचे क्रियापद होय.

मग त्याचा पहिला संशयित कोण?

'आम्बुलारे', म्हणजे पायी चालणे, फेरफटका मारणे. अर्थाच्या बाजूने पाहिले तर याहून योग्य उमेदवार शोधूनही सापडणार नाही, आणि मराठी माणसाला हे समजावून सांगण्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. 'चालणे' म्हणजे पायाने चालणे. पण 'मी पुण्याला चाललो' असे म्हणणारा माणूस एस.टी.त खिडकीपाशी बसलेला असतो आणि त्याचे पाय जागचे हलत नसतात. घरातून निघणारा पाहुणा 'बरं, चाललो मी' म्हणतो तेव्हा त्याने चालण्याविषयी काहीच सांगितलेले नसते, फक्त निघण्याविषयी सांगितलेले असते. 'चालणे' या शब्दाने 'जाणे' या शब्दाच्या जागेत असे हळूच पाय ठेवले आहेत. लॅटिन बोलणाऱ्यांनी 'आम्बुलारे'चे हेच केले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

साम्य इथेच थांबत नाही. आपले घड्याळ 'चालते' किंवा 'चालत नाही', आणि स्पॅनिश माणूसही घड्याळ बंद पडले की ते 'आन्दार' करत नाही असेच म्हणतो. आपण 'कसं चाललंय?' विचारतो, तेव्हा स्पॅनिशमध्ये 'कोमो आन्दास?' विचारतात. दोन भाषांनी एकमेकींकडून उसने घेतलेले हे काही नाही. पाऊल टाकण्याच्या शब्दावर माणसाचे मन सगळीकडे सारखेच अर्थ चढवत जाते.

'आम्बुलारे'चा अर्थ 'जाणे' झाला होता याचा लेखी पुरावा आहे का?

आहे, आणि तो मला या सगळ्या विषयातील सर्वांत आवडता भाग वाटतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक स्त्री युरोपच्या पश्चिम टोकाकडून निघून सिनाई, जेरुसलेम व आसपासच्या प्रदेशाची तीर्थयात्रा करून आली आणि आपल्या मैत्रिणींसाठी तिने प्रवासाचे वर्णन लिहिले. तिची लॅटिन शाळेतल्या व्याकरणाची नाही, जिवंत बोलण्याच्या जवळची आहे. या वर्णनाचे हस्तलिखित 1884 साली इटलीतील आरेझ्झो येथे गामुर्रिनी या विद्वानाला सापडले. त्याची सुरुवातीची पाने हरवलेली आहेत. एक अर्धवट तुकडा सोडला, तर जे पहिले पूर्ण वाक्य हाती लागते ते 'इंतेरेआ आम्बुलांतेस' या शब्दांनी सुरू होते: 'दरम्यान चालत चालत आम्ही अशा एका ठिकाणी पोचलो, जिथे ज्या डोंगरांमधून आम्ही जात होतो ते मोकळे होत होते आणि अफाट दरी तयार करीत होते.' यातील 'चालत' साठी 'आम्बुलारे'चे रूप आहे आणि 'जात होतो' साठी 'ईबामुस', म्हणजे जुन्या 'ईरे'चे रूप आहे. एकाच वाक्यात, एकाच वाटेवर, एकाच चालण्यासाठी दोन क्रियापदे शेजारी शेजारी उभी आहेत: एक मावळणारे आणि एक उगवणारे.

दुसरा पुरावा सुमारे चारशे वर्षांनंतरचा आहे. आठव्या शतकात उत्तर फ्रान्सच्या भागात कोणीतरी बायबल वाचणाऱ्यांसाठी अवघड लॅटिन शब्दांची यादी केली आणि प्रत्येकापुढे सोपा, समजणारा शब्द लिहिला. ही यादी रायखेनाऊ येथील मठात जपली गेल्यामुळे तिला रायखेनाऊ शब्दार्थ म्हणतात. त्यात 'त्रान्सग्रेदेरे', म्हणजे ओलांडून जाणे, या शब्दापुढे 'उल्त्रा आलारे' असे लिहिले आहे. फ्रेंच 'आले'चा हा पूर्वज तेव्हाच लोकांच्या तोंडी इतका रुळला होता की अवघड शब्द समजावण्यासाठी त्याचा उपयोग होत होता.

पुरावा इतका स्पष्ट असेल, तर वाद कशाचा?

अर्थ जुळतो, काळ जुळतो. ध्वनी जुळत नाहीत.

व्युत्पत्तिशास्त्र सारखे ऐकू येणारे शब्द एकत्र बांधण्याचा छंद नाही. एका भाषेतून दुसरी भाषा निघताना ध्वनी ठरावीक रीतीने बदलतात आणि ती रीत शब्दागणिक बदलत नाही, हा त्याचा पाया आहे. संस्कृत 'सप्त' प्राकृतात 'सत्त' आणि मराठीत 'सात' होते. त्याच वाटेने 'हस्त' 'हत्थ' होऊन 'हात' होतो, 'दुग्ध' 'दुद्ध' होऊन 'दूध' होते, 'कर्म' 'कम्म' होऊन 'काम' होते. जोडाक्षर एकजीव होते, मग सुटे होते आणि आधीचा स्वर लांबतो. कोणी उद्या येऊन 'सप्त'पासून मराठीत 'सपत' झाले असे म्हटले, तर आपण लगेच विचारू की मग 'सात' कोठून आले.

'आम्बुलारे'ला हीच कसोटी लावून पाहू. मधला 'उ' बोलण्यात गळणे नेहमीचेच आहे, त्यामुळे 'आम्ब्लारे' असे रूप मिळते. फ्रेंचमध्ये 'म्ब्ल' हा गट अगदी सुखाने राहतो. इतकेच नव्हे, तर जिथे मुळात 'ब' नसतो तिथेही फ्रेंच तो घालते: लॅटिन 'त्रेमुलारे' (थरथरणे) यापासून फ्रेंचमध्ये 'ब' घेऊन 'त्रांब्ले' झाले आणि स्पॅनिशमध्ये 'तेम्ब्लार' झाले. ज्या भाषा नसलेला 'ब' आणून बसवतात, त्यांनी असलेला 'म्ब' हाकलून नुसता 'ल' ठेवावा, हे नियमाच्या अगदी उलट दिशेला जाते.

त्याहून पेच असा की नियमाने जे रूप यायला हवे ते आलेलेही आहे. फ्रेंचमध्ये 'आंब्ले' असे क्रियापद आहे. त्याचा अर्थ घोड्याने एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलून संथ चाल धरणे. इटालियनमध्येही त्याच अर्थाचा 'आंबियारे' आहे. घरात नियमाने जन्मलेले मूल असताना, दारात उभा असलेला 'आले' त्याच आईचा कसा मानायचा, हा प्रश्न टाळता येत नाही.

असे आपल्याकडे कधी घडले आहे का?

घडले आहे, आणि तेही नेमके 'चालणे' याच क्रियापदाच्या बाबतीत. संस्कृतातील दोन स्वरांमधला एकेरी 'ल' मराठीत 'ळ' होतो: 'फल' चे फळ, 'काल' चा काळ, 'बल' चे बळ. या नियमाने 'चलति' पासून मराठीत 'चळणे' व्हायला हवे, आणि ते झालेले आहेच. पण 'चळणे' म्हणजे ढळणे, डळमळणे. आपण 'मन चळले' म्हणतो, 'रस्त्याने चळलो' म्हणत नाही. रोजच्या वापरातले क्रियापद मात्र 'चालणे' आहे, आणि त्यातला 'ल' टिकायचा तर प्राकृतात दुहेरी 'ल्ल' असलेले 'चल्लइ' हे रूप हवे. ते प्राकृतात मिळते. परंतु 'चलति'मधला एकेरी 'ल' दुहेरी का झाला हे सांगण्यासाठी मधले एखादे रूप गृहीत धरावे लागते. म्हणजे नियमाने वागणारा शब्द कोपऱ्यातल्या खास अर्थाला चिकटून राहिला आणि नियम मोडणारा घराचा मालक झाला. फ्रेंच 'आंब्ले' आणि 'आले' यांची गोष्ट याहून फार वेगळी नाही.

'आन्दारे' आणि 'आनार' यांचे काय? त्यांत तर 'ल' सुद्धा नाही.

ही या प्रकरणातली सर्वांत अवघड गाठ आहे, म्हणून ती थोडी सावकाश सोडवू.

'आम्बुलारे'चा पक्ष घेणारे असे मांडतात की 'आम्ब्लारे'चे झिजून 'आम्लारे' झाले. पुढे एका बाजूला 'म' जाऊन 'आलारे' उरले, तर दुसऱ्या बाजूला 'ल'चा 'न' होऊन 'आम्नारे' झाले. 'आम्नारे' पासून कातालान व ऑक्सितान 'आनार' पर्यंतची वाट मोकळी आहे, कारण त्या भाषांत 'म्न' असलेल्या 'दाम्नुम' (नुकसान) या शब्दातही 'म' टिकलेला नाही. ऑक्सितानमध्ये त्याचे 'दान' झाले.

'आम्नारे' ही टप्प्याची कल्पना हवेतली नाही, हे दाखवणारा एक साक्षीदार फार लांब, बाल्कन प्रदेशात आहे. ग्रीस, अल्बेनिया व उत्तर मॅसिडोनियाच्या डोंगराळ भागांत बोलल्या जाणाऱ्या आरोमेनियन भाषेत 'मी चालतो' यासाठी 'इम्नु' म्हणतात, तर तिची मोठी बहीण रोमेनियन हिच्यात याच क्रियापदाचे 'उम्ब्ला' हे रूप आहे. दोन्ही 'आम्बुलारे'चीच असल्याबद्दल कोणालाच शंका नाही. म्हणजे 'म्ब्ल' चे 'म्न' होऊ शकते, हे प्रत्यक्ष दिसते.

अडते ते 'आन्दार'पाशी. स्पॅनिशमध्ये 'म्न' चा 'न्य' होतो: 'दाम्नुम' चे 'दान्यो' होते, 'सोम्नुस' (झोप) चे 'सुएन्यो' होते. तेव्हा 'आम्नारे' पासून स्पॅनिशमध्ये 'आन्यार' अपेक्षित आहे. त्यात 'द' कोठून आला? इटालियनसाठी एक युक्तिवाद करता येतो. रोमपासून दक्षिणेकडच्या बोलींत 'न्द' चा 'न्न' होतो. 'क्वांदो' (केव्हा) चे 'क्वान्नो' होते, आणि आजही रोमच्या रस्त्यावर 'चला, जाऊ' साठी 'आन्नामो' ऐकू येते. 'न्न' हा गावंढळ उच्चार आणि 'न्द' हा सुधारलेला, असे एकदा मनात बसले की माणूस जिथे मुळात 'न्न'च होता तिथेही 'न्द' घालून बोलू लागतो. अशा अतिशुद्ध बोलण्यातून 'आन्नारे' चे 'आन्दारे' झाले असावे. हा युक्तिवाद मला चतुर वाटतो, पण तोच स्पेनपर्यंत ओढणे कठीण आहे.

दुसरे उमेदवार कोणते?

पुष्कळ आहेत, त्यांतले विचार करण्याजोगे मोजकेच.

'आम्बितारे' हा सर्वांत वजनदार. लॅटिनमध्ये 'आम्बीरे' म्हणजे भोवताली फिरणे. त्यापासून वारंवार फिरणे या अर्थाचा 'आम्बितारे' असा शब्द बोलीत असावा अशी कल्पना आहे. तो लेखी सापडत नाही, म्हणून अभ्यासक त्याच्यापुढे तारांकन करतात. तारांकन म्हणजे 'हे रूप आम्ही तर्काने बांधले आहे' अशी कबुली. स्पॅनिशसाठी तो चपखल बसतो, कारण लॅटिन 'कोमितेम' चे स्पॅनिशमध्ये 'कोन्दे' (सरदार) झाले, 'सेमिता' चे 'सेन्दा' (पायवाट) झाले, तसेच 'आम्बितारे' चे 'आन्दार' व्हावे. परंतु इटालियनकडे वळताच गाडी रुतते: तिथे 'कोमितेम' चे 'कोन्ते' झाले, 'त' तसाच राहिला, आणि म्हणून 'आन्तारे' यायला हवे होते. 'आन्दारे' इटालियनांनी दुसरीकडून घेतला असे म्हणता येते, पण 'जाणे' हे क्रियापद शेजाऱ्याकडून उसने आणणारे लोक क्वचितच आढळतात.

'आद्नारे' हा दुसरा. याचा अर्थ पोहत किंवा तरंगत जवळ येणे. व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्यात जहाज फुटून किनाऱ्याला लागलेले ट्रोजन लोक याच क्रियापदाने 'आम्ही थोडे जण तुमच्या किनाऱ्याशी पोहत आलो' असे सांगतात. पाण्यावरचा शब्द जमिनीवर येऊ शकतो, याला भक्कम आधार आहे: फ्रेंच 'आरिव्हे', म्हणजे पोचणे, हा 'रीपा' म्हणजे काठ या शब्दापासून आलेला असून त्याचा मूळ अर्थ काठाला लागणे असा आहे. 'आद्नारे' चे 'आन्नारे' होणे सोपे, पुढे 'आनार' होणेही सोपे. पण फ्रेंच 'आले'ला या कुटुंबात आणता येत नाही, आणि पोहण्यापासून चालण्यापर्यंतचा मधला टप्पा लेखांत दिसत नाही.

रोमान्स भाषाशास्त्राचा पाया घालणारा फ्रीडरिख डीत्स याने 1853 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्युत्पत्तिकोशातही या क्रियापदाशी झुंज घेतली होती, आणि तेव्हापासून प्रत्येक पिढीने नवे पूर्वज सुचवले आहेत. रोमनांच्या आधी फ्रान्समध्ये बोलल्या जाणाऱ्या केल्टिक भाषेकडे बोट दाखवणारेही आहेत, कारण वेल्श भाषेत 'जाणे' या क्रियापदाच्या काही रूपांत 'एल्' असे अंग येते. फक्त 'आले'चा विचार केला तर हे मोहक आहे. बाकीच्या भावंडांना ते वाऱ्यावर सोडते.

ही सगळी रूपे एकाच शब्दापासून आली असलीच पाहिजेत का?

नाही, आणि वादाचा खरा कणा हाच आहे. जे ध्वनिनियमांना प्रमाण मानतात ते म्हणतात की 'आले', 'आनार' आणि 'आन्दार' यांचे मूळ वेगवेगळे मानावे. मग प्रत्येकासाठी नियमात बसणारा पूर्वज शोधता येईल. जे भूगोलाकडे पाहतात ते म्हणतात की लगतच्या प्रदेशांत, एकाच काळात, एकाच अर्थाची, 'आ' पासून सुरू होणारी आणि 'आरे' प्रकारात चालणारी तीन क्रियापदे 'ईरे'च्या एकाच रिकाम्या जागेत येऊन बसावीत, हा योगायोग पचनी पडत नाही. दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर आहेत, म्हणूनच वाद इतका टिकला.

मला दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक पटते. पण ते पटवून घ्यायचे असेल तर पुढच्या प्रश्नाचे उत्तर देणे भाग आहे.

ध्वनिनियमांना अपवाद मान्य करता येतात का?

1870 च्या दशकात जर्मनीतील लाइप्झिगच्या तरुण अभ्यासकांनी ध्वनिनियमांना अपवाद नसतो असे निक्षून सांगितले, आणि त्या कडकपणामुळेच हा विषय शास्त्र झाला. 1885 साली ग्राझ येथील हूगो शुखार्ट याने त्यांच्याविरुद्ध एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याचे एक म्हणणे असे होते की सर्व शब्द सारख्या वेगाने बदलत नाहीत. फार वापरले जाणारे शब्द अधिक वेगाने झिजतात. विसाव्या शतकात पोलंडच्या विटोल्ड मांचाक याने हाच विचार पुढे नेला आणि 'आले', 'आन्दार' यांचे मूळ 'आम्बुलारे'च आहे, वापराच्या अतिरेकाने ते नियमाबाहेर झिजले, असे प्रतिपादन केले.

नाण्यावरचा छाप हातोहाती झिजतो, तसे हे आहे. स्पॅनिशमध्ये 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', हे आदराचे संबोधन झिजत झिजत 'उस्तेद' झाले. कोणताही ध्वनिनियम इतकी अक्षरे गिळायला सांगत नाही. मराठीत आपण 'काय करतो आहेस' असे लिहितो आणि 'काय करतोयस' असे बोलतो. 'आहे' मधला 'ह' इथे गेला, म्हणून 'पाहुणा' मधला किंवा 'वहिनी' मधला 'ह' त्याच रीतीने गेला असे नाही. रोज तोंडात असलेल्या शब्दाला वेगळा न्याय लागतो.

याला एक धोका मात्र आहे, आणि तो लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. 'खूप वापरला म्हणून झिजला' ही किल्ली कोणत्याही कुलपाला लागते. तिच्या जोरावर कोणताही शब्द कोणत्याही शब्दापासून काढता येईल. म्हणून ती एकटी पुरत नाही. सोबत एगेरियाच्या वाक्यासारखा अर्थाचा पुरावा आणि आरोमेनियन 'इम्नु' सारखा ध्वनीचा पुरावा असावा लागतो. 'आम्बुलारे'च्या बाजूने हे दोन्ही आहेत, 'आद्नारे' आणि 'आम्बितारे' यांच्या बाजूने नाहीत, एवढ्यावर माझा कल ठरतो.

'आलारे' हा शब्द 'आम्बुलारे'पेक्षाही जुना असू शकेल का?

हा प्रश्न सहसा जाणकार वाचक विचारतात, कारण 'आम्बुलारे' हाच मुळात जोडशब्द आहे. त्यातील 'आम्ब' म्हणजे भोवताली, आणि उरलेला भाग भटकणे या अर्थाच्या प्राचीन 'अल्' या धातूचा मानतात. मग फ्रेंचमध्ये उपसर्गाशिवायचा तो मूळ धातूच टिकला असेल काय? कल्पना सुंदर आहे. पण तसे असेल तर तो शब्द शेकडो वर्षे एकाही नाटकात, पत्रात, शिलालेखात न उमटता लोकांच्या तोंडी राहिला आणि आठव्या शतकात अचानक एका शब्दसूचीत प्रकटला, असे मानावे लागेल. ते मानणे मला जमत नाही.

फ्रेंच शिकताना 'आले'ची रूपे इतकी विचित्र का दिसतात?

कारण त्या एका क्रियापदात तीन क्रियापदे राहतात. 'मी जातो' म्हणताना 'वे' येते, तो 'वादेरे'चा अंश आहे. 'आम्ही जातो' म्हणताना 'आलों' येते. 'मी जाईन' म्हणताना 'इरे' येते, आणि तिथे जुना लॅटिन 'ईरे' अजून जिवंत आहे. इटालियनमध्येही 'वादो' (मी जातो) आणि 'आन्दियामो' (आम्ही जातो) अशी वाटणी आहे. ही वाटणी आघातावर, म्हणजे उच्चारात जोर कोठे पडतो यावर, ठरलेली आहे: आघात धातूवर पडला की 'वाद्', प्रत्ययावर पडला की 'आन्द्' किंवा 'आल्'.

फ्रेंचच्या वर्गात हा तक्ता वहीत उतरवून घेताना विद्यार्थी कुरकुरतात, पण मराठीत ते स्वतः 'जातो' आणि 'गेलो' असे बोलत असतात. 'जा' संस्कृत 'याति'चा आणि 'गेला' संस्कृत 'गत'चा. दोन वेगळे धातू एका क्रियापदाच्या छपराखाली राहतात आणि आपल्याला कधी खटकत नाहीत.

फ्रेंच 'आले' आणि मराठी 'आले' यांचा काही संबंध आहे का?

नाही. मराठी 'आला, आली, आले' ही रूपे संस्कृत 'आगत'पासून प्राकृतमार्गे आली आहेत आणि त्यातला 'ल' हा भूतकाळाचा प्रत्यय आहे. फ्रेंच शब्दातला 'ल' धातूचा आहे. शिवाय एकाचा अर्थ येणे, दुसऱ्याचा जाणे.

गोव्यात पोर्तुगीज साडेचारशे वर्षे होते. तिथे 'आन्दार'चा काही माग लागतो का?

क्रियापद म्हणून कोकणीने ते घेतले नाही. 'जाणे' हा शब्द सहसा कोणीच उसना घेत नाही, हे वर आलेच आहे. पण 'आन्दोर' या पोर्तुगीज शब्दाची गंमत सांगण्याजोगी आहे. मिरवणुकीत संतांच्या मूर्ती खांद्यावरून नेण्याच्या चौकटीला आन्दोर म्हणतात. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज लेखक हा शब्द भारतातल्या पालखीसारख्या वाहनासाठी वापरतात. ऐकताना तो 'आन्दार'पासून निघाल्यासारखा वाटतो, परंतु काही अभ्यासक त्याला आपल्या 'आंदोल', 'हिंदोल' या शब्दांशी जोडतात. चालण्याचा नव्हे, झुलण्याचा शब्द.

कोकणीचे स्वतःचे 'जाणे' मात्र याच लेखात शोभावे असे आहे. कोकणीत 'वचप' म्हणतात, 'हांव वता' म्हणतात, आणि भूतकाळात 'गेलो' म्हणतात. जुन्या मराठीतही 'न वचे', 'वचोनि' अशी रूपे पुष्कळ आढळतात. हे 'वच' प्राकृत 'वच्चइ' चे. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'व्रज्', 'नृत्' आणि 'मद्' या तीन धातूंच्या शेवटी 'च्च' येतो असे सूत्र दिले. 'नृत्यति' चे 'नच्चइ' आणि त्यापासून 'नाचणे' हे अगदी सरळ आहे, कारण 'त्य' चा 'च्च' होतोच. पण 'व्रजति' मध्ये 'त्य' नाही. तिथे नुसता 'ज' आहे. त्यातून 'च्च' कसा निघाला याचे स्पष्टीकरण सूत्रात नाही, केवळ नोंद आहे.

माझ्या शब्दकोशात 'आले'पुढे सरळ 'आम्बुलारे' असे छापले आहे. मग वाद मिटला असे समजावे का?

कोशाला एका ओळीत उत्तर द्यावे लागते. आज बहुतेक कोश 'आम्बुलारे'कडेच झुकतात, आणि त्यांचा कल बरोबर आहे असे मलाही वाटते. तरीही मोठ्या कोशांत त्या ओळीखाली बारीक टाइपात 'बहुधा', 'कदाचित' किंवा 'ध्वनिबदल अस्पष्ट' अशा अर्थाचे शब्द असतात. ते शब्द वाचून पुढे जावे. 'आले'साठी ही व्युत्पत्ती सर्वांत भक्कम आहे, 'आनार'साठी बरीच, आणि स्पॅनिश 'आन्दार'साठी सर्वांत डळमळीत.

हा प्रश्न कधी सुटण्यासारखा आहे का?

सुटायचा तर तो बुद्धीने कमी आणि सापडलेल्या लेखाने अधिक सुटेल. आपल्याला जे हवे आहे ते पाचव्या ते सातव्या शतकातले आहे, आणि त्या काळातले बहुतेक लेखन सुशिक्षितांचे आहे. बोलताना 'आम्नारे' म्हणणारा माणूसही लिहिताना शाळेत शिकलेला 'आम्बुलारे'च लिहीत असे. चुका करणारा लेखक हवा. मध्य स्पेनमध्ये व्हिसिगॉथ (रोमनांनंतर तिथे राज्य करणारे जर्मानिक लोक) राजवटीतील पाटीच्या दगडाचे तुकडे सापडतात. त्यांवर हिशेब, मालाच्या याद्या, शेतीचे व्यवहार, घरगुती निरोप असा मजकूर टोकदार वस्तूने कोरलेला असतो, आणि लिहिणाऱ्याचे व्याकरण वारंवार घसरलेले असते. अशाच एखाद्या दगडावर, मेंढ्यांच्या किंवा धान्याच्या हिशेबामध्ये, 'तो गेला' असे सांगताना कोणाचा हात घसरून 'आम्नावित' किंवा 'आम्बितावित' कोरून गेला असेल, तर स्पॅनिश 'आन्दार'चा निकाल त्या एका शब्दाने लागू शकेल.